आधी कुणी केलं?

आमच्या कॉलेजात प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला मुलं दोन माणसांना घाबरायची. एक बाहेरून येणारा परीक्षक, आणि दुसरे घरचेच मठपती सर. बाहेरचा परीक्षक निदान निरनिराळे प्रश्न तरी विचारायचा. मठपती सर एकच विचारायचे. मुलगा घाम पुसत आपलं सर्किट चालवून दाखवायचा, दिवा लागायचा, मीटरचा काटा हलायचा, आणि सर चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "चांगलं हाय. हे आधी कुणी केलं?"

"मीच केलं सर."

"ते दिसून राहिलंय. तुझ्या आधी कुणी केलं?"

मुलगा परत सर्किटकडे बघायचा. कुणी इंटरनेटवरून उतरवलेलं असायचं, कुणी मागच्या वर्षीच्या मुलाचं उचललेलं, कुणी पुण्याहून तयारच मागवलेलं. जो खरं सांगायचा त्याला सरांनी कधी नापास केलं नाही. जो "मीच, मीच" म्हणत राहायचा त्याच्याकडे ते अशा नजरेनं बघायचे की बघणाऱ्यालाच कसंतरी व्हायचं. त्या नजरेत राग नसायचा. काय असायचं ते कळायला मला अकरा वर्षं लागली.

मी मूळची नांदेडची. लग्न होऊन लातूरला आले आणि इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकल विभागात शिकवायला लागले. स्टाफरूममध्ये जागा नव्हती, म्हणून मठपती सरांनी आपल्या टेबलाची अर्धी बाजू मोकळी करून दिली. उंच, काटकुळे, अर्ध्या बाह्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट. कपाळावर सकाळी लावलेले विभूतीचे तीन पट्टे, जे दुपारपर्यंत घामानं पुसट व्हायचे. गळ्यात लिंगाची चांदीची डबी. प्रयोगशाळेत कुठल्याही पॅनेलला हात लावण्याआधी ते ती डबी शर्टाच्या खिशात टाकायचे, खिशाचं बटण लावायचे, आणि मुलांना सांगायचे, "देव असला तरी चांदी हाय. विजेला देव कळत न्हाई."

त्यांचा विषय पॉवर इलेक्ट्रॉनिक्स. एका जातीची वीज दुसऱ्या जातीची करून देणारी सर्किटं, एवढं समजलं तरी पुरे. मोबाइलच्या चार्जरपासून रेल्वेच्या इंजिनापर्यंत सगळीकडे ती असतात. आम्ही बाकीचे पुस्तकातल्या पहिल्या धड्यापासून सुरुवात करायचो. सर शंभर वर्षं मागून यायचे.

"गावोगाव एसी वीज आली," ते सांगायचे, "पण सिनेमाच्या मशीनला डीसी लागायची. ट्रामला डीसी. बॅटरी भरायला डीसी. मग लोकांनी काय केलं? एसीवर मोटार फिरवली आन् तिच्याच दांड्याला डीसीचा जनरेटर जोडला. विजेचं केलं फिरणं, आन् फिरण्याची परत वीज. हसू नका. हेच पहिलं कन्व्हर्टर."

मग पाऱ्याची बरणी यायची. उदगीरला लहानपणी टॉकीजच्या मागच्या खोलीत त्यांनी ती पाहिली होती. काचेचा मोठा भोपळा, त्याला हातपाय फुटल्यासारख्या नळ्या, बुडाशी पारा, आणि आत जांभळा उजेड थुईथुई नाचतोय. एसीची डीसी करण्याचं तेव्हाचं साधन ते. "ऑपरेटर म्हणायचा, आत भूत हाय. मी म्हणलो, असू दे, पण हे भूत एकाच दिशेनं चालतंय. वीज पाऱ्याकडं येती, पाऱ्यातून माघारी जात न्हाई." मग सेलेनियमच्या पट्ट्या. त्या जळाल्या की सडक्या मुळ्यासारखा वास सुटायचा, म्हणून जुन्या मेकॅनिकांना डोळ्यांनी बघावंच लागायचं नाही. मग त्यांच्या खणातून एक बोटभर डबी निघायची, जुन्या मोटारीच्या रेडिओतली. तिच्यात एक पोलादी पट्टी. बॅटरी जोडली की पट्टी थरथरायची, गांधीलमाशीसारखा आवाज यायचा. ती एकेका मुलाच्या कानाला लावायचे.

"बॅटरीची सरळ वीज ही पट्टी तोडायची, जोडायची, तोडायची, जोडायची. तोडली म्हणून ट्रान्सफॉर्मरमधून पुढं गेली. आज हेच काम ट्रान्झिस्टर करतोय, सेकंदाला लाख लाख वेळा. पण तोडायचं आन् जोडायचं, हे या पट्टीनं शिकवलं."

लातूरची मुलं क्लासेसच्या नोट्सवर वाढलेली. एखादा हात वर करायचाच, "सर, हे परीक्षेला येणार का?"

"न्हाई."

मुलं वह्या मिटायची. सर बोलतच राहायचे. दरवर्षी त्यांचा अभ्यासक्रम अर्धवट राहायचा, दरवर्षी विभागप्रमुख चिडायचे, आणि उरलेले धडे मी जादा तास घेऊन उरकायचे. सरांनी त्याबद्दल मला कधी धन्यवाद दिले नाहीत. घरून डब्यात धपाटे आणून माझ्या बाजूला सरकवायचे, बस.

एका वर्षी एका मुलीनं लहानसा इन्व्हर्टर करून आणला होता. सरांनी नेहमीचं विचारलं. तिनं जरा घाबरतच सांगितलं, "सर, आमच्या गल्लीत इन्व्हर्टर दुरुस्त करणारे काका आहेत. त्यांनी दाखवलं. मी फक्त जोडलं."

"काकांचं नाव?"

तिनं सांगितलं. सरांनी अहवालाचं पहिलं पान उघडलं. त्यावर मार्गदर्शक म्हणून माझं नाव होतं. ते म्हणाले, "मॅडमच्या खाली काकाचं नाव लिही. नीट, मोठ्या अक्षरात. आन् उद्या त्यांना घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी ते काका खरंच आले. धुतलेला शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस, हातांच्या बोटांवर सोल्डरिंगचे काळे डाग. दारातच उभे राहिले. सर उठले, त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसून तासभर त्यांना प्रश्न विचारले. बाहेरचा परीक्षक घड्याळ बघत होता. मला वाटलं, म्हातारपणाची हौस. काका गेल्यावर सर बराच वेळ त्या रिकाम्या खुर्चीत बसलेच नाहीत.

त्यांचा स्वतःचा एकच शोधनिबंध होता. तरुणपणी, नोकरीला लागल्यावर दोन वर्षांत, एका तांत्रिक मासिकात छापून आलेला. कॉलेज तेव्हा नवीन होतं आणि कॉलेजच्या नावानं छापलेला तो पहिला निबंध. त्याच्यावर सर नोकरीत कायम झाले. त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांत एक ओळ नाही. पीएचडी केली नाही, त्यामुळं प्रोफेसरही झाले नाहीत. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं त्यांच्या वर जाऊन बसली. कुणी विचारलं तर म्हणायचे, "माझं नाव एकदा छापलंय. तेवढं बास."

माझा पहिला निबंध मी लिहिला तेव्हा त्यातली समीकरणं सरांनी तपासून दिली होती. तीन ठिकाणी चुका काढल्या होत्या. म्हणून मी माझ्या नावापुढं त्यांचं नाव घातलं. आपल्याकडं तशी पद्धतच आहे. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

छापील अंक आला त्या दिवशी सर स्टाफरूममध्ये आले ते अंक हातात घेऊनच. चेहरा पांढरा पडलेला.

"हे काय करून ठेवलाव?"

"सर, तुम्ही इतकी मदत केली..."

"मी चुका काढलो. चुका काढणारा मालक असतो का? हे काढून टाका."

"छापून झालंय सर."

"मग मासिकाला पत्र लिहा. लिहा की चुकून पडलं." त्यांचा आवाज चढला होता. बाजूचे दोघं उठून बाहेर गेले. "तुम्हाला कळत न्हाई मॅडम. एकदा नाव छापलं की ते निघत न्हाई. मेला तरी निघत न्हाई."

मला रडू आलं. मी पर्स उचलून निघाले तर सर दारात आडवे आले, आणि मग मागं फिरून माझ्याच खुर्चीत बसले. आणि त्यांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

सरांची सासुरवाडी अहमदपूरची. सासऱ्यांच्या शेतातल्या घरी वीज नव्हती, म्हणून लहान टीव्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायचा. एक दिवस टीव्ही चालू असताना कुणीतरी ट्रॅक्टर सुरू केला आणि टीव्ही जळाला. तो घेऊन सर बसस्टँडजवळच्या खाजा मिस्त्रीकडं गेले. खाजाभाईंचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. शिक्षण उर्दू सातवी. बॅटरी उतरली की टीव्हीचं चित्र आक्रसायचं, म्हणून व्होल्टेज चढवून देणारी एक डबी ते स्वतः बनवून द्यायचे. सासऱ्यांच्या टीव्हीला तीच होती.

"चूक माझीच हाय सर," खाजाभाई म्हणाले. "माझी डबी बॅटरीचं व्होल्टेज चढवती. पण ट्रॅक्टर चालू झाला की बॅटरीच चढती, आन् डबीतून सरळ आत घुसती. चढवता येतं, अडवता येत न्हाई."

त्या माणसानं जळालेला टीव्ही फुकट दुरुस्त केला आणि पुढं दोन महिने त्या एकाच गोष्टीच्या मागं लागला. सर दर रविवारी जाऊन बसायचे. एका रविवारी खाजाभाईंनी कॅलेंडरच्या पानामागं काढलेलं सर्किट त्यांच्यापुढं सरकवलं.

"रस्ताच बंद करून टाकलो सर. मधी कपॅसिटर घातलो. आता बॅटरीतून थेट काहीच जात न्हाई. पण मग काहीच जाईना. म्हणून पलीकडं अजून एक कॉइल टाकलो, माघारी फिरायला वाट. आता बघा."

सरांनी बघितलं. बॅटरी उतरलेली असो की चढलेली, पलीकडं बरोबर बारा व्होल्ट. मधल्या कपॅसिटरमुळं सर्किट चढवतही होतं आणि उतरवतही होतं. सरांनी असलं काही कुठल्याही पुस्तकात पाहिलं नव्हतं.

"मी घरी आलो आन् आठ दिवस गणित मांडलो," सर मला म्हणाले. "ते का चालतं, याचं गणित. तेवढं माझं होतं. निबंध लिहिलो. मासिकाच्या फॉर्मवर लेखकाचं नाव, शिक्षण, पद, संस्था असे रकाने होते. माझं लिहिलो. खाली खाजाभाईचं नाव लिहिलो. शिक्षणाच्या रकान्यापाशी हात थांबला. उर्दू सातवी? पदाच्या रकान्यात काय लिहू, रेडिओ मेकॅनिक? मासिकवाले हसतील वाटलं. मला लाज वाटली, मॅडम. त्याची लाज वाटली. दुसरा कोरा फॉर्म काढलो आन् माझं एकट्याचं लिहिलो."

"आणि खाजाभाई?"

"परत गेलोच न्हाई. सासुरवाडीला गेलो तरी त्या बाजूला गेलो न्हाई."

पुढं काही वर्षांनी एका प्रशिक्षणाला हैदराबादला गेलेले असताना ग्रंथालयात जुने परदेशी अंक चाळता चाळता त्यांना तेच सर्किट दिसलं. कपॅसिटर तिथंच, दुसरी कॉइल तिथंच. अमेरिकेत ते आधीच छापून आलेलं होतं. इथल्या मासिकाला ते माहीत नव्हतं, सरांना नव्हतं, खाजाभाईंना असण्याचा प्रश्नच नव्हता.

"मला हायसं वाटलं," सर म्हणाले. "खरं सांगतो. वाटलं, चला, मग मी कुणाचंच घेतलं न्हाई. आन् मग त्या हायसं वाटण्याची इतकी शिसारी आली की अंक तसाच टेबलावर टाकून बाहेर आलो. तिकडच्यांनी केलं असंल. पण खाजाभाईनं कुठं वाचलं होतं? त्यानं जळालेल्या टीव्हीतनं काढलं. त्याच्यापुरतं ते पहिलंच होतं."

मी म्हटलं, "सर, अजून वेळ गेलेली नाही. जाऊन भेटा."

"तो वारला. मला कळलंच दोन वर्षांनी."

माझ्या निबंधाबद्दल मी मासिकाला पत्र लिहिलं. सर पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत.

सर निवृत्त व्हायच्या वर्षी कॉलेजचा वर्धापनदिन मोठा करायचं ठरलं. प्राचार्यांनी सरांचा तो निबंध मोठा करून, काचेच्या फ्रेममध्ये घालून आणला. 'आपल्या संस्थेचा पहिला शोध' असं खाली सोनेरी अक्षरात. सरांनी कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. मी सोबत होते. प्राचार्य त्यांचेच जुने विद्यार्थी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, तुम्हीच म्हणता की ते आधी अमेरिकेत झालेलं होतं. मग ते ना तुमचं, ना त्या मिस्त्रीचं. आता कशाला उकरायचं? तपासणी समिती यायची आहे."

"फ्रेम लावू नका, एवढंच म्हणून राहिलो."

"बघतो सर."

फ्रेम लावली गेली. कार्यक्रमात शाल आणि श्रीफळ झालं, माइक सरांकडं आला. सर चार वाक्यं बोलले. हा शोध माझा नाही. अहमदपूरच्या खाजा मिस्त्री नावाच्या माणसाचा आहे. मी त्याचं नाव गाळून माझं छापलं. मी चोरी केली.

सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. मुलं उभी राहिली. मागून कुणीतरी शिट्टी मारली. सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडम माइक घेऊन म्हणाल्या, "किती हा विनम्रपणा!"

जिना उतरताना सरांनी माझा दंड धरला. त्यांनी मला तोवर कधी हात लावला नव्हता. "टाळ्या वाजवले, मॅडम," ते म्हणाले. "ऐकलाव ना? टाळ्या वाजवले."

त्यानंतर दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. खाजाभाईंची मुलगी शमीम नांदेडला शाळेत गणित शिकवते असा पत्ता लागला होता. "तुम्ही नांदेडच्या. सोबत येता का?"

आम्ही रविवारी एसटीनं गेलो. शमीम मॅडम पन्नाशीच्या आसपासच्या. त्यांनी दार उघडलं, नाव ऐकलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. मला ते अजून आठवतं.

"लातूरचे मठपती सर? या, या. अब्बा तुमचं नाव किती घ्यायचे!"

सर उंबऱ्याशीच थांबले. मग आत येऊन, पाण्याला हात न लावता, त्यांनी सांगून टाकलं. सगळं. फॉर्मचे रकानेसुद्धा. शमीम मॅडमच्या हातात सरबताचा ट्रे होता, तो त्यांनी खाली ठेवला नाही.

"थांबा," त्या म्हणाल्या. "म्हणजे ते तुम्ही आधी केलं नव्हतं?"

"न्हाई."

त्या खाली बसल्या. ट्रे मांडीवर तसाच.

"अब्बा ती डबी घेऊन हैदराबादला गेले होते," त्या हळूहळू बोलायला लागल्या. "टीव्ही बनवणाऱ्या एका कंपनीत. मी सातवीत होते. त्यासाठी अब्बांनी नवा कुर्ता शिवला होता. तिथल्या इंजिनिअरनं डबी उघडून बघितली आणि एक मासिक टेबलावर टाकलं. म्हणाला, हे तर लातूरच्या प्रोफेसरचं आहे, कुठून चोरलंस? अब्बा परत आले. आम्हाला वाटलं रागावतील. ते हसत होते. अम्मीला म्हणाले, सरांनी माझ्या आधीच केलं होतं बघ. मी एवढ्या उड्या मारून दाखवत होतो आणि ते गप्प बसून ऐकत होते. माझं मन मोडू नये म्हणून बोलले नाहीत. किती मोठ्या दिलाचा माणूस." त्या थांबल्या. "मरेपर्यंत हेच सांगायचे. आम्हाला सांगायचे, इल्म, विद्या असावी तर अशी. डबी मात्र पुन्हा बनवली नाही. म्हणायचे, दुसऱ्याची चीज आहे."

सरांचे दोन्ही हात गुडघ्यांवर, मान खाली.

"मला माफ करा," ते म्हणाले.

"मी कशी करू?" शमीम मॅडम रागावल्या नव्हत्या. त्या खरोखरच विचारत होत्या. "अब्बा चांगल्या समजुतीत गेले. आता खरं काय ते मला कळलं. हे घेऊन मी काय करू सर?"

"मी कॉलेजात सगळ्यांसमोर सांगितलं. मासिकाला लिहिलो असतो, पण ते मासिक आता बंद पडलंय."

"कॉलेजात अब्बांना कोण ओळखतं?" आता मात्र त्यांचा आवाज धारदार झाला. "हैदराबादची गोष्ट अहमदपुरात सगळ्यांना कळली होती. बरोबर गेलेल्या माणसानं सांगितली. दुसऱ्याचं सर्किट उचललं म्हणून स्टँडवरचे लोक अब्बांना चिडवायचे. अब्बा हसून हो म्हणायचे. तिथं जाऊन सांगा."

सर उठले. दारातून वळून म्हणाले, "तुम्ही येताव?"

"नाही. मला कुणीतरी सांगेलच."

आठ दिवसांनी आम्ही अहमदपूरला उतरलो. खाजाभाईंच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं लटकत होती. तिथला मालक नवखा होता, त्याला काही कळलं नाही. सर समोरच्या कापडदुकानात गेले. मालक सासऱ्यांच्या नात्यातले. "या जावईबापू, चहा सांगतो," म्हणून त्यांनी गादीवर बसवलं. सरांनी उभ्यानंच सांगितलं.

दुकानदारानं गिऱ्हाइकांकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "अहो, हळू बोला. मिस्त्री गेला, त्याचं दुकान गेलं. घराण्याचं नाव हाय आपल्या. बसा, चहा घ्या."

"चहा नको. तुम्ही त्याला चिडवायचाव का?"

"सगळेच चिडवायचे."

"आता दुकानात येईल त्याला खरं सांगा."

शेजारच्या हॉटेलवाल्यानं 'बरं, बरं सर' म्हणत मान डोलावली आणि भज्यांचा घाणा काढायला वळला. एका तरुणानं मोबाइल काढून चित्रण करायला सुरुवात केली. सरांनी त्याला थांबवलं नाही. त्याच्याकडे बघून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ होते. डोळ्याला भिंग. खाजाभाईंच्या शेजारीच त्यांनी सगळी उमर काढली होती. सरांचं बोलणं संपेपर्यंत त्यांनी भिंग काढलं नाही, हातातलं घड्याळही ठेवलं नाही. मग म्हणाले, "ते छापलाव ते छापलाव. आन् परत का आला न्हाईत? रविवारी तुमच्यासाठी स्टूल रिकामं ठेवायचा तो. कुणाला बसू द्यायचा न्हाई. म्हणायचा, सर येतील. लई वर्षं ठेवला."

सरांनी दुकानाच्या फळीला धरलं. मी पुढं झाले, पण त्यांनी हातानंच मला थांबवलं.

"जा," म्हातारे म्हणाले आणि पुन्हा घड्याळात मान घातली. "पुढच्याला सांगा."

चार वाजता लातूरची गाडी लागली. सकाळपासून सरांच्या पोटात काही नव्हतं, शर्ट पाठीला चिकटला होता. मी म्हटलं, "सर, चला. पुन्हा येऊ."

"तुम्ही निघा मॅडम. पलीकडची बाजू राहिली अजून."

मी एकटीच गाडीत बसले. त्यानंतर सर मला भेटले नाहीत. पुढं परीक्षा आल्या, फोनवर दोनदा बोलणं झालं, आणि दिवाळीनंतर एका सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला.

त्या दिवशी गाडी स्टँडबाहेर वळली तेव्हा मी खिडकीतून बघत होते. ट्रक, ऑटो, उसाच्या रसाच्या गाड्या, शाळा सुटलेली पोरं. त्या गर्दीतून ते रस्ता ओलांडत होते. पलीकडं भांड्यांचं दुकान होतं. सर पायरीशी आले, वाकून चपला काढल्या, बाजूला नीट लावल्या. आत बसलेल्या माणसानं वर बघितलं. सरांनी हात जोडले आणि बोलायला सुरुवात केली.